जास्तीचा गूळ

आमच्या कारखान्यात पाळी सुटताना गूळ वाटत. रंगाच्या पावडरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला मुठीत मावेल एवढा खडा आणि एक केळं. पावडर घशात बसते आणि गूळ तिला खाली उतरवतो, असा समज होता. तो कुठून आला हे कुणालाच सांगता येत नसे, पण एखाद्या दिवशी गूळ आला नाही तर माणसं गेटबाहेर पडायला तयार नसत. मी तिथे आधी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो, पुढे प्लँटवर शिफ्ट इन्चार्ज झालो. रसायनशास्त्राचा पदवीधर असल्यामुळे मी या गुळाला मनातून हसत असे. हसत असे आणि खातही असे.

माझं बालपण पालघरला गेलं. सत्तरच्या दशकात बोईसरला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा ज्यांच्या हातात पदवी होती ते बरेचसे तिकडे गेले, तसा मीही गेलो. बोईसरला तेव्हा धड गाव म्हणता येत नव्हतं, धड शहरही. आज कुठल्या रंगाची बॅच निघाली हे बाजारात भेटणाऱ्या माणसाच्या कानावरून कळे. साबणाने तोंड निघायचं, कानामागचा निळा राहून जायचा. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बायको तारापूरकडच्या वाडीवाल्यांच्या घरातली. चिकू, नारळ आणि पानवेलींत वाढलेली. मुलगा शिकायला वसईला मामाकडे होता, म्हणून घरात दोघंच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी पंचेचाळिशी ओलांडली होती, तेव्हा माझ्या शरीराने एक काम करणं बंद केलं. मराठीत या गोष्टीला दोनच शब्द आहेत. एक कोर्टात चालतो, दुसरा नाक्यावर. घरात चालेल असा शब्दच नाही, त्यामुळे घरात ती गोष्ट बोलताही येत नाही. पहिल्या वेळी बायको म्हणाली, “दमला असाल.” पुढच्या वेळीही तेच म्हणाली. नंतर तिने म्हणणं सोडलं आणि मी जवळ जाणं सोडलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं होतं. निदान कशावरून झालं हे तरी दोघांना माहीत असतं.

मला एका जागी बसवेना. पुस्तकं फडताळातून काढून आकारमानाप्रमाणे लावली, मग विषयाप्रमाणे लावली, मग पुन्हा आकारमानाप्रमाणे. सुट्टीच्या दिवशी पालघरच्या वाचनालयात जाऊन आरोग्यावरचे जाडजूड ग्रंथ चाळले. ग्रंथपाल ओळखीचे, म्हणून शेजारी शेतीवरचं एखादं पुस्तक उघडं ठेवायचं. सगळ्या लेखकांचं या बाबतीत एकमत होतं: हा मनाचा रोग आहे, काळजीने होतो, तेव्हा काळजी करू नये. ते वाचून मी काळजी करीत परत बोईसरला येत असे.

कारखान्यात सिगरेट ओढायची बंदी होती, म्हणून आम्ही ओढणारे गेटबाहेरच्या टपरीपाशी जात असू. तिथे एकदा माझ्या पाळीचा ऑपरेटर शेजारी येऊन उभा राहिला. बेटेगावचा, माझ्याच वयाचा, मोठ्या आवाजाचा आणि कुठल्याही विषयावर ठाम मत असलेला माणूस.

“सायेब, तुमाला पन लागली काय?” त्याने विचारलं.

“काय लागली?”

“पावडर.” त्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला, म्हणजे इतरांच्या बोलण्याइतका केला. “तुमी आताशा घरी जायला बघत नाय. पाळी सुटली तरी हितंच घुटमळता. मी वळखतो. माझ्या साडूचं असंच झालं होतं.”

त्याचं शास्त्र असं: पावडर आधी कपड्याला लागते, मग कातडीला, मग आत उतरते, आणि आत गेली की माणसातला पुरुष खाते. साडू पिवळ्याच्या प्लँटवर होता तोवर घरात पाळणा हलला नाही. नोकरी सोडून टेम्पो चालवायला लागला आणि जुळं झालं. टपरीवर उत्तर प्रदेशातले दोन फिटर होते, त्यांनीही मान डोलावली. “केमिकल मर्दानगी को काट देता है,” त्यातला एक म्हणाला. टपरीवाल्याला हे मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं, हे सगळं तारापूरच्या अणुकेंद्रातल्या किरणांमुळे होतं; पावडर बिचारी कपड्यापलीकडे जात नाही. मग पावडरवाले आणि किरणवाले यांची जुंपली. दोन्ही पक्षांपाशी पुरावा म्हणून एकेक साडू होता आणि दोघांचाही एका गोष्टीवर विश्वास होता: दोष आपला नाही.

मी कुठल्याही समारंभात, कुठल्याही व्यासपीठावर इतक्या कच्च्या पुराव्याची टर उडवली असती. तिथे मात्र मी मुकाट्याने पावडर पक्षात दाखल झालो. कित्येक महिन्यांनंतर प्रथमच मला हलकं वाटलं. बाहेरून आत आलेली वस्तू बाहेर काढता येते, हे तर माझ्या धंद्यातलंच तत्त्व.

काढायची कशी, हेही ऑपरेटरने सांगून टाकलं. “गूळ वाढवा. एका खड्यानं काय व्हतंय? माझा बी घ्या.”

“आणि तुला?”

“मला नाय लागत. माझ्या बायकोला इचारा.” तो स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की टपरीवाल्याचा कुत्रा उठून पलीकडे जाऊन बसला.

त्या दिवसापासून मी दोघांचा गूळ खायला लागलो. पुढे गोड न आवडणाऱ्या एका फिटरचाही तिसरा खडा मला मिळू लागला. शिवाय मी मॅनेजरकडे जाऊन प्लँटवरून माल पाठवण्याच्या विभागात बदली मागितली. कारण विचारलं तेव्हा डोळ्यांना त्रास होतो म्हणालो. बदली मिळाली. आता पावडरीचा संबंध फक्त बंद पिंपांपुरता उरला, पण गूळ तिथेही पोहोचत राहिला. ऑपरेटर कागदात बांधून पाठवी.

तहान वाढली. माठ रिकामा करून मी शेजारच्यांच्या माठाकडे बघत असे. लघवीला सारखं उठावं लागे. पट्ट्याला आतल्या बाजूला नवी भोकं पाडावी लागली. हे सगळं पाहून मला समाधान वाटत होतं. पंधरा वर्षं आत बसलेली पावडर विरघळून बाहेर पडते आहे, असा माझा हिशेब. प्रयोगाचा निकाल आधीच ठरवून टाकला की प्रत्येक निरीक्षण त्यात चपखल बसतं. हे मी नव्या केमिस्टांना शिकवत आलो होतो, अर्थात सावधगिरीचा इशारा म्हणून.

एवढं होऊनही मूळ तक्रार जागच्या जागी. तेव्हा मी बोईसर स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये गेलो. तिथे अधूनमधून एक खानदानी वैद्य उतरत आणि त्यांच्या नावाने रेल्वेकडेच्या सगळ्या भिंती रंगलेल्या असत. खोलीत वैद्यांच्या वाडवडिलांचे फेटे बांधलेले फोटो ओळीने लावले होते. एका फोटोत ते कुणा मंत्र्याला हार घालत होते. मंत्र्याचा चेहरा हारात गेला होता, त्यामुळे तो कुठलाही मंत्री असू शकत होता.

“शर्माइए मत, बाबूजी,” वैद्य नाडीवर बोटं ठेवून म्हणाले. “बचपन की कोई गलती?”

“बचपन में मैं पालघर में था,” मी म्हणालो. “गलती करने की जगह ही नहीं थी.”

ते हसले नाहीत. त्यांनी एक काळपट चाटण दिलं. घरी येऊन मी बोटावर घेऊन पाहिलं. गुळाचा पाक, जायफळ, बाकी थोडासा कोळसा असावा. माझ्या प्रयोगशाळेत हे दहा मिनिटांत सिद्ध करता आलं असतं. मी ते सिद्ध केलं नाही; सकाळ-संध्याकाळ चाटलं.

त्याच सुमारास आमच्याकडे सुरक्षा सप्ताह झाला. प्रमुख पाहुणे म्हणून मुंबईचे एक हृदयरोगतज्ज्ञ आले. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, पुन्हा शाल, कारण पहिली युनियनची होती आणि दुसरी मॅनेजमेंटची. त्यांचा परिचय त्यांच्या भाषणाएवढाच लांबला. हृदय हे शरीराचं इंजिन आहे, त्याला तेलपाणी करा, हसत राहा, चालत राहा, असं ते म्हणाले. मग शंका विचारायला सांगितलं. एकाने साजूक तुपाबद्दल विचारलं, दुसऱ्याने बदामाबद्दल. आभार मानायचे म्हणून मीही व्यासपीठावरच होतो, पाहुण्यांच्या अगदी शेजारी. पण हृदयाच्या डॉक्टरला माझ्या तक्रारीबद्दल विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घशाला कोरड पडल्यामुळे मी माझा आणि पाहुण्यांचाही पेला संपवला आणि आभार मानले, सुतारांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे.

थंडी सरताना बायकोच्या माहेरी पूजा होती. एसटी स्टँडवर उतरून वाडीपर्यंत चालत जायचं, समोरून समुद्राचा वारा. ती पिशवी घेऊन पुढे, मी मागे. थोडं चाललो आणि छातीवर कुणी पाट ठेवून त्यावर बसावं तसं झालं. डावा जबडा दुखायला लागला. मी थांबलो. शेजारी एक भिंत होती आणि भिंतीवर खताची जाहिरात. मी ती वाचत उभा राहिलो. पाट उतरला. पुन्हा चालू लागलो, पुन्हा पाट. या वेळी निवडणुकीची घोषणा वाचली. मग एका शाळेचं बोधवाक्य. मग एका बंद दुकानाच्या फळीवरची सूचना, जी एका ओळीची होती आणि मला बराच वेळ पुरली.

बायको वळली. “तुमी पावलापावलाला काय वाचता?”

“बघतोय, कसं शुद्ध लिहिलंय.”

ती परत माझ्यापर्यंत चालत आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग फळीकडे. थंड वाऱ्यात माझा सदरा पाठीला चिकटला होता. पूजेत मला पाटावर बसायचं होतं, तिथे तिने भावाला बसवलं. जेवणात माझ्या पानातली पुरणपोळी उचलून दुसरीकडे ठेवली आणि भावाला सांगितलं, “उद्या ह्यांना पालघरला नेनार हाय मी. दाक्तरकडं.”

पालघरचे ते डॉक्टर म्हणजे कमी बोलणारे गृहस्थ. टेबलावर काच, काचेखाली कॅलेंडरचं पान, भिंतीवर पदवी; बाकी सजावट काही नाही. मला ते आवडले. त्यांनी काय होतं विचारलं.

“चालताना छातीत थोडं दाटतं,” मी म्हणालो. “वारा असला की.”

“कसला वारा?”

“समुद्राचा.”

“आणि घरात पंखा लावला की?”

“नाही.”

“मग वाऱ्याला सोडून देऊ. आणखी काही?”

“काही नाही.”

“आनखी हाय,” बायको म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती डॉक्टरांकडे पाहत होती. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले, आणि वाडीत माळ्याला खत कुठे टाकायचं ते सांगावं तशा आवाजात सांगितलं, “आमचं नवराबायकोचं बंद हाय. दोन वरसं व्हत आली. ह्यांना जमत नाय. सांगत नाय कुनाला. गुरासारखं पानी पितात. आन गूळ खातात. खिशात गूळ, उशाखाली गूळ. धोतराला मुंग्या लागतात आमच्या.”

“धोतर नाही, लेंगा,” मी म्हणालो. मला तेवढंच दुरुस्त करता आलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “कुठलं आधी? छातीचं की हे?”

“हे,” मी म्हणालो.

“गूळ कशाला?”

मी पावडरीचं सांगितलं. सांगताना वाक्यं जड जात होती. टपरीवर जे शास्त्र वाटलं होतं ते त्या खोलीत पंख्याखाली उभं राहीना. त्यांनी मध्ये अडवलं नाही. मग एक बाटली हातात देऊन आत पाठवलं.

परत आलो तेव्हा त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला होता. परीक्षानळीत निळं द्रावण, त्यात माझे थेंब. मी कॉलेजात हा प्रयोग केला होता, मार्कही मिळवले होते. निळा, मग हिरवा, मग पिवळा. इथे थांब, असं मी नळीला मनात म्हणालो. ती थांबली नाही. विटकरी झाली, लाल विटेसारखी दाट, आणि तळाशी बसली. रंगांच्या कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली; एवढा स्वच्छ रंग क्वचित पाहिला.

“ओळखता ना?” डॉक्टर म्हणाले.

“साखर.”

“भरपूर. आणि वरून तीन माणसांचा गूळ.” त्यांनी दिवा झाकला. “पावडरीने काही केलंय की नाही ते मला ठाऊक नाही. पण हे जे तुम्ही दोन वर्षं लपवत होता, ते रक्तवाहिनीचं दुखणं आहे. तिथल्या शिरा बारीक. साखर, सिगरेट यांनी आतून गाळ बसतो तो सगळीकडेच बसतो, पण बारीक नळी आधी चोंदते. हृदयाची जरा मोठी, ती मागाहून. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काहींचं खरंच मनाचं असतं, काहींचं गोळ्यांमुळे. पण तुमच्या वयाचा, सिगरेट ओढणारा माणूस हे सांगत आला तर मी आधी छाती तपासतो. अडचण एवढीच की कुणी सांगत येत नाही.”

प्लँटवर मुख्य पाइपात गाळ धरायला लागला की आधी नमुना काढायची बारीक नळी बंद पडते. ती बंद पडली तर आम्ही नळीला दोष देत नसू, पाळी थांबवून मुख्य पाइप उघडत असू. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या आठवलं आणि इतका वैताग आला की मी उठून उभा राहिलो. “बसा,” डॉक्टर म्हणाले. “आता उठाबशा नकोत.”

मुंबईला तपासण्या झाल्या. सरकत्या पट्ट्यावर चालवलं आणि लगेच थांबवलं. नंतर छाती उघडून पायाच्या शिरा हृदयावर जोडल्या. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ फार नाही. मी झोपेत होतो, जागी बायको होती. मोठे सर्जन सकाळी फेरीला येत तेव्हा मागे दहा-बारा जणांची वरात असे. ते माझ्या पायाशी उभे राहून इंग्रजीत माझ्याबद्दल बोलत आणि निघताना विचारत, “एनी क्वेश्चन्स?” वरातीतले सगळे माझ्याकडे पाहत. मी कामावर कधी जाऊ, एवढंच विचारलं. घरी सोडताना छापील सूचना मिळाल्या: मीठ, तेल, साखर, सिगरेट, बॅग उचलणं, जिने, प्रवास. नवराबायकोंबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी कागद उलटूनही पाहिला.

घरी आलो तर बायकोने माझी खाट खिडकीपाशी ओढलेली आणि स्वतःचं अंथरूण दाराशी घातलेलं. वारा लागावा म्हणून, असं ती म्हणाली. पण ती झोपत नसे. माझा श्वास जरा वेगळा वाटला की उठून बसे. मी कूस बदलली की “काय व्हतंय?” मी कूस बदलली नाही की जवळ येऊन नाकापुढे हात धरी. दिवसा तिचे डोळे सुजलेले, हातातून भांडी पडायची. तिच्या माहेरची कुणी चुलती बघायला आली होती, ती स्वयंपाकघरात कुजबुजून गेली की अमक्याचं ऑपरेशन झालं, बरा झाला, आणि मग बायकोजवळ गेला तो तिथेच गेला. अमका कोण, ते चुलतीलाही नीट माहीत नव्हतं.

टाके सुकले. साखर उतरली, कारण गूळ थांबला आणि गोळ्या सुरू झाल्या. ऑपरेटर भेटायला आला तेव्हा सवयीने पुडी घेऊन आला. बायकोने ती दारातच घेतली आणि त्याला म्हणाली, “भाऊ, तुमचं प्रेम लय हाय. त्यानंच मरायला टेकले व्हते.” तो खाटेशी बसला. पहिल्यांदाच त्याच्याकडे मत नव्हतं. जाताना एवढंच म्हणाला, “सायेब, मी तर चांगल्यासाठीच देत व्हतो.” मी म्हणालो, मीही चांगल्यासाठीच खात होतो.

काही आठवड्यांनी, एका संध्याकाळी, बायको खाटेवर माझ्याशेजारी बसून माझी गोळी पाकिटातून सोलत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यात दुसरा काही हेतू होता असंही नाही. ती दचकून उठली.

“मला पांढऱ्या कपाळाची करायचं हाय काय?”

“अगं, नुसता हात ठेवला.”

“हातानंच सुरू व्हतं,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे नळ बराच वेळ चालू होता.

जीव वाचला होता, ते मी नाकारत नाही. पण आता घरात दोन माणसं एकमेकांपासून अंतर राखून वावरत होती; ती, आपल्यामुळे मी मरेन या भीतीने, आणि मी, तिला विधवा करीन या भीतीने. हे असं किती वर्षं चालायचं, या विचाराने मी दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत असे. चालणं बंधनकारकच होतं, त्यामुळे तिला संशय येत नसे.

पालघरच्या डॉक्टरांकडे पुढची तपासणी होती. त्यांनी छाती ऐकली, दाब पाहिला, म्हणाले, “छान. आणखी काही?”

या वेळी बायको काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत होती.

“आणखी आहे,” मी म्हणालो. “आम्ही एकत्र झोपायचं की नाही? आणि झोपलो तर मी मरेन का?”

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. “मुंबईला नाही विचारलंत?”

“तिथे फार लोक होते.”

“स्टेशनवर याहून जास्त आहेत,” ते म्हणाले. “इथून स्टेशनवर जा. पादचारी पूल आहे. नेहमीच्या चालीने चढा, वर थांबू नका, पलीकडे उतरा. चढताना वहिनींशी बोलत राहायचं. बोलता आलं, छातीत काही झालं नाही, तर घरातही काही होणार नाही. तेवढीच मेहनत आहे ती. दाटलं तर थांबायचं, गोळी जिभेखाली, आणि सरळ माझ्याकडे.” मग बायकोकडे वळून म्हणाले, “पूर्वीसारखं सगळं होईल असा शब्द मी देत नाही. जुन्या नळ्या आहेत. थोडं येईल, कधी येणार नाही. पण त्याने हे मरणार नाहीत. तुम्ही झोपत जा.”

आम्ही तिथून थेट पुलाशी गेलो. दुपारची वेळ, स्टेशन सुस्त. पायथ्याशी बायकोने माझा खिसा चाचपून गोळीची डबी आहे ना ते पाहिलं.

“चला. बोला आता.”

“काय बोलू?”

“दाक्तर म्हनले बोला. एरवी मंत्र्यांवर तासभर बोलता.”

मी चढायला लागलो आणि मला एकही विषय सुचेना. जन्मभर वाचलेलं सगळं त्या जिन्यावर नाहीसं झालं. शेवटी मी तिला बोंबलाचं कालवण कसं करतात ते विचारलं. ती सांगू लागली, मी मध्ये मध्ये “मग?” म्हणत होतो. प्रत्येक “मग” नंतर ती माझ्या तोंडाकडे बघे. चिंचेचा कोळ घालेपर्यंत आम्ही वर पोचलो. पाट आला नाही. मी वाट पाहिली. जबड्यातही काही नाही. फक्त पाय भरून आले होते, जे कुणाचेही येतील.

वर तिचा चुलतभाऊ भेटला, पानांच्या करंड्या गाडीत चढवून परत निघालेला.

“भावजी, तुमी हिकडं? गाडी तर त्या बाजूला लागते.”

“गाडी नाय पकडायची,” बायको म्हणाली. “दाक्तरनी पूल चढाय सांगितलाय.”

“कशापाई?”

बायकोने तोंडाला पदर लावला आणि पुलाच्या जाळीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. रडते की काय असं वाटून भाऊ माझ्याकडे बघू लागला. ती हसत होती. ऑपरेशनच्या आधीपासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

“व्यायाम,” मी त्याला म्हणालो.

पलीकडे उतरल्यावर वाटलं झालं. पण ती म्हणाली, “परत चढा. एकदा झालं ते वारा नव्हता म्हनून बी झालं असंल.” आम्ही परत चढलो. या खेपेला मला कालवण विचारावं लागलं नाही. आपण इथे काय करतोय हे कुणाला कळलं तर काय होईल, यावर आम्ही दोघं बोलत होतो. मी वर पोचलो तर ती अर्ध्यावर कठडा धरून दम खात उभी.

“हसू नका,” ती खालून म्हणाली. “मला कुनी चढाय सांगितलं नव्हतं.”

बोईसरकडे जाणारी दुपारची शटल जवळजवळ रिकामी होती. आम्ही एकाच बाकावर बसलो. मधलं उमरोळी स्टेशन यायच्या आत तिची मान माझ्या खांद्यावर आली. मी म्हणालो, “अगं,” ती हूं म्हणाली नाही. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. माझा श्वास कसा चाललाय ते ऐकायला कुणीच जागं नव्हतं, म्हणून मीच थोडा वेळ ऐकला. बोईसर आलं तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं.